एंटर दाबेपर्यंत

आयबीएमचं ३२७८ आणि डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) कंपनीचं व्हीटी-१०० ही दोन टर्मिनलं, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडायचे पडदा-कीबोर्ड, शेजारी ठेवली, तर दोन्हीकडे काळ्या काचेवर चोवीस ओळी आणि ऐंशी रकाने दिसतात. एकावर अक्षरं हिरवी, दुसऱ्यावर पांढरट. बाकी पाहणाऱ्याला फार काही वेगळं जाणवत नाही. म्हणून डेकच्या टर्मिनलवर आयबीएमच्या टर्मिनलचं सोंग वठवायचं म्हटलं, तर कुणालाही वाटेल की काम सोपं आहे. काच तेवढीच, रकाने तेवढेच, अक्षरं तीच. होस्ट, म्हणजे पलीकडचा मोठा संगणक (मेनफ्रेम), सांगेल ते ठरलेल्या जागी उमटवायचं.

मलाही सुरुवातीला या विषयात रस वाटला तो चित्रापुरताच. हळूहळू कळत गेलं की चित्र हा यातला सर्वांत सोपा भाग. अवघड आहे ते आयबीएमच्या टर्मिनलचा स्वभाव अंगी बाणवणं. ते टर्मिनल मुळात फार कमी बोलतं. तुम्ही कितीही कळा दाबा, मेनफ्रेमला त्यातलं काहीच कळत नाही. अक्षरं लिहा, पुसा, कर्सर इकडून तिकडे न्या, एक फील्ड (पडद्यावरचा ठरावीक भाग) सोडून दुसऱ्यात जा, परत या. सगळं तिथल्या तिथे चालतं. एंटर किंवा एखादी पीएफ (प्रोग्रॅम फंक्शन) कळ दाबली, की मगच तो सगळा मजकूर एका गठ्ठ्याने निघतो. व्हीटी-१०० याच्या अगदी उलट. दाबलेली प्रत्येक कळ त्याच क्षणी तारेवर जाते आणि पलीकडच्या संगणकाने ते अक्षर परत पाठवलं, तरच ते काचेवर उमटतं. सोंग वठवायचं तर या बोलक्या टर्मिनलला गप्प बसायला शिकवावं लागतं, आणि ते त्याच्या अंगात नाही. म्हणून त्याच्या वतीने गप्प राहणारा कुणीतरी मधे बसवावा लागतो.

३२७८ ज्यातलं, ते ३२७० हे टर्मिनलांचं कुटुंब आयबीएमने १९७१ साली आणलं. त्या काळातल्या मेनफ्रेमला प्रत्येक कळीसाठी हातातलं काम थांबवायला लावणं परवडणारं नव्हतं. एकेका मशीनवर शेकडो माणसं बसणार, बँकेतली, विमान कंपनीतली, विमा कंपनीतली. प्रत्येकाच्या बोटांमागे मशीन धावू लागलं, तर हिशेब कधी करणार? म्हणून कामाची वाटणी झाली. टर्मिनलं कोअ‍ॅक्स केबलने एका कंट्रोलरला जोडलेली, एका कंट्रोलरवर बत्तीसपर्यंत. टायपिंगचं सगळं पाहणं या जोडीचं काम, आणि मेनफ्रेमपर्यंत जायचं ते फक्त पूर्ण झालेलं उत्तर. खिडकीवरच्या कारकुनाला फॉर्म भरून दिल्यासारखं आहे हे. तुम्ही फॉर्म भरताना कितीदा खाडाखोड केलीत याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मला ही रचना मनापासून आवडते. वापरणाऱ्याचा गोंधळ त्याच्यापाशीच राहू देण्यात एक सभ्यता आहे.

व्हीटी-१०० आलं १९७८ साली. ज्या मशीनसाठी ते बनलं, ती लहान होती आणि माणसाशी गप्पा मारल्यासारखी वागायची. लवकरच इतर उत्पादकांची टर्मिनलं ‘मी व्हीटी-१०० आहे’ असंच सांगू लागली. त्यामुळे विद्यापीठांत, प्रयोगशाळांत, कचेऱ्यांत टेबलांवर या जातीची टर्मिनलं भरपूर आणि तळघरात मात्र आयबीएमचं मेनफ्रेम, अशी स्थिती ठिकठिकाणी आली. प्रत्येक टेबलावर दुसरं टर्मिनल ठेवायला ना जागा, ना पैसा. शिवाय मोडेम लावून घरून काम करायचं, तर साध्या सीरियल टर्मिनलला पर्याय नव्हता. कोअ‍ॅक्सचं टर्मिनल कंट्रोलरपासून फार लांब जाऊच शकत नव्हतं.

मग मधे बसणारे आले. येल विद्यापीठात आयबीएमच्या सिरीज/१ या लहान संगणकावर असं सॉफ्टवेअर तयार झालं, की त्याला एका बाजूने आस्की (अक्षरांचे सर्वसाधारण संकेत) वापरणारी साधी टर्मिनलं जोडायची आणि दुसऱ्या बाजूने मेनफ्रेमला वाटायचं की आपल्यासमोर ३२७० चा कंट्रोलर आहे. त्याच वंशातला ७१७१ हा प्रोटोकॉल कन्व्हर्टर नंतर खुद्द आयबीएमने विकला. डेकने स्वतःच्या व्हीएमएस प्रणालीच्या मशीनवरून आयबीएमच्या जाळ्यात शिरण्यासाठी ३२७० इम्युलेटर, म्हणजे सोंग वठवणारा प्रोग्रॅम, दिला. बर्कलीच्या युनिक्समध्ये टीएन३२७० हा प्रोग्रॅम आला आणि टेलनेटवरून (जाळ्यातून दुसऱ्या संगणकावर बसण्याची पद्धत) हेच काम होऊ लागलं. पेटी बदलली, तार बदलली, पण मधे बसणाऱ्याचं काम तेच राहिलं.

माझ्याकडे जे आहे ते याच साखळीचं आजचं रूप. व्हीटी-१०० च्या पुढचं व्हीटी-२२० टर्मिनल, त्याला सीरियल तारेने जोडलेला लहानसा लिनक्स संगणक, त्यावर सी३२७० हा इम्युलेटर आणि त्याच्या पलीकडे हर्क्युलिसवर चालणारी एमव्हीएस ३.८जे ही आयबीएमची जुनी मेनफ्रेम प्रणाली. हर्क्युलिस हे मेनफ्रेमचं सोंग, सी३२७० हे टर्मिनलचं. या साखळीत लोखंडाचं, काचेचं खरं काय असेल तर ते डेकचं टर्मिनल, आणि नेमकं त्यालाच इथे दुसऱ्याचा वेष चढवलेला आहे. त्यामुळे खऱ्या काचेवर हे सोंग कुठे कुठे उसवतं ते बारकाईने दिसतं. आधुनिक खिडकीत बसून ते दिसत नाही.

पहिला अनुभव रिकाम्या जागेचा.

३२७० च्या पडद्यावर फील्डची सुरुवात दाखवणारा एक बाइट असतो, ॲट्रिब्यूट बाइट. हे फील्ड संरक्षित आहे की त्यात लिहिता येईल, फक्त आकडे घ्यायचे का, मजकूर ठळक दाखवायचा की अजिबात दाखवायचा नाही, आणि वापरणाऱ्याने यात बदल केला आहे का, हे सगळं त्या एका बाइटमध्ये. महत्त्वाचं म्हणजे तो बाइट पडद्यावर स्वतःची जागा घेतो. एक रकाना त्याचा. तिथे काहीच दिसत नाही, पण तो रकाना मोकळा नसतो. व्हीटी-१०० मध्ये ठळकपणा किंवा अधोरेखन अक्षराला चिकटलेलं असतं, त्याची वेगळी जागा नसते. म्हणजे डेकच्या काचेवर जे रिकामं दिसतं, त्यामागे इम्युलेटरच्या स्मृतीत एक कुंपण उभं असतं.

याहून खोल गोष्ट म्हणजे नल आणि स्पेस. ३२७० मध्ये रिकाम्या दिसणाऱ्या जागा दोन जातींच्या. स्पेस हे अक्षर आहे, तुम्ही लिहिलेलं. नल म्हणजे तिथे कुणी काही लिहिलेलंच नाही. काचेवर दोन्ही सारखेच काळे. पण एंटर दाबलं की स्पेस मेनफ्रेमकडे जातो आणि नल गाळला जातो. समजा फील्डमध्ये एक शब्द लिहिला, मग स्पेसबार न दाबता बाणाच्या कळीने कर्सर पाच घरं पुढे नेला आणि दुसरा शब्द लिहिला. पडद्यावर दोन शब्दांत ऐसपैस अंतर दिसतं. मेनफ्रेमला मात्र ते दोन्ही एकमेकांना चिकटून मिळतात, कारण मधली घरं नलची होती. डोळ्यांना दिसलेलं अंतर खरं नव्हतं.

इन्सर्ट करताना याचीच दुसरी बाजू समोर येते. मधे एखादं अक्षर घुसवायचं तर पुढची अक्षरं उजवीकडे सरकायला हवीत आणि ती सरकतात फक्त नलमध्ये. फील्डच्या शेवटी स्पेस भरलेले असतील, तर टर्मिनलच्या दृष्टीने ते फील्ड गच्च भरलेलं आहे. कीबोर्ड अडतो. समोर मोकळी जागा दिसते आहे आणि मशीन म्हणतं, जागा नाही. मेनफ्रेमवर नव्याने बसलेल्या कितीतरी जणांनी इथे हात टेकले असतील. मला मात्र यात चूक दिसत नाही. न लिहिलेलं आणि रिकामं लिहिलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या यंत्राला १९७१ पासून ठाऊक होतं आणि त्याने ते कधी सोडलं नाही. इम्युलेटर लिहिणाऱ्याला हा भेद जपावाच लागतो. ज्या काचेवर तो दाखवता येत नाही, तिच्या मागे बसून.

वेगाची गोष्ट थोडक्यात सांगतो. कोअ‍ॅक्सवर बिट धावतात सेकंदाला सुमारे २३.६ लाख. सीरियल तारेवर ९६०० चा वेग म्हणजे अक्षरामागे दहा बिट धरले तर सेकंदाला ९६० अक्षरं. पूर्ण पडदा १९२० अक्षरांचा, म्हणजे दोन सेकंद. १२०० च्या मोडेमवर सोळा सेकंद. म्हणून चांगला मध्यस्थ नेहमी दोन पडदे मनात ठेवतो, मेनफ्रेमला हवा असलेला आणि टर्मिनलवर प्रत्यक्ष असलेला. दोन्हींतला फरक काढून तेवढाच पाठवतो. व्हीटी-२२० वर हे काम डोळ्यांना दिसतं. नवा पडदा येतो तेव्हा जुन्यातली समान अक्षरं जागची हलत नाहीत, फक्त बदललेले तुकडे इथे तिथे उमटत जातात. खऱ्या ३२७८ वर असं कधी दिसलं नसतं, तिथे पडदा एका झटक्यात यायचा. तरी मला हे पाहायला आवडतं. मध्यस्थाने काय वाचवलं ते समोर दिसतं.

आता कीबोर्ड. सोंगाची खरी परीक्षा बोटं घेतात.

३२७० ला चोवीसपर्यंत पीएफ कळा. त्यांना जोडून तीन पीए कळा, क्लिअर, रिसेट, इरेज-ईओएफ (कर्सरपासून फील्डच्या शेवटापर्यंत पुसणारी). व्हीटी-१०० ला फंक्शन कळा चारच आणि योगायोगाने त्यांचीही नावं पीएफ१ ते पीएफ४. बाकीच्या कळा आणायच्या कुठून? मध्यस्थांनी एक रीत पाडली. एस्केप दाबून आकडा दाबला की ती पीएफ कळ. एस्केप आणि १ म्हणजे पीएफ१, एस्केप आणि ० म्हणजे पीएफ१०, मग आकड्यांच्या ओळीतच पुढची वजाबाकीची खूण पीएफ११ आणि बरोबरची खूण पीएफ१२. लक्षात ठेवायला सोपी आणि कुठल्याही टर्मिनलवर चालणारी. पण व्हीटी-१०० च्या बाणाच्या कळासुद्धा एस्केपनेच सुरू होणारा संकेत पाठवतात. मग एस्केप आल्यावर तो माणसाने दाबला की बाणाच्या पोटातून आला, हे ओळखायचं कसं? क्षणभर थांबायचं आणि पुढचं अक्षर पाहायचं. त्या थांबण्याची लांबी किती ठेवावी, यावर संथ तारेवर सगळा अनुभव अवलंबून असतो.

व्हीटी-२२० ला वरच्या ओळीत एफ१ ते एफ२० अशा कळा आहेत म्हणून वाटतं, सुटलो. पण त्यातल्या पहिल्या पाच टर्मिनल स्वतःकडेच ठेवतं. एफ१ पडदा थांबवते, एफ२ छापते, एफ३ सेट-अप उघडते, एफ४ मोडेमसाठी आणि एफ५ ब्रेक. आता आयएसपीएफ हा मेनफ्रेमवरचा संपादनाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या बोटांचा विचार करा. तिथे पीएफ३ म्हणजे बाहेर पडणं. दिवसभरात इतक्यांदा दाबली जाते की ती दाबायला विचारच लागत नाही. त्या सवयीने डेकच्या कीबोर्डवर एफ३ दाबलं, की मेनफ्रेमला काहीच कळत नाही आणि काचेवर टर्मिनलची स्वतःची मांडणी उघडते, सोंगाच्या आतला नट दाढी-मिशी काढून समोर उभा. पीएफ५ ची गत आणखी वाईट. आयएसपीएफमध्ये ती शोध पुन्हा चालवण्याची कळ आणि व्हीटी-२२० वर तिच्या जागी ब्रेक. शिवाय या कीबोर्डवर एस्केप अशी वेगळी कळच नाही. व्हीटी-१०० च्या चालीत एफ११ ते काम करते, नाहीतर कंट्रोल धरून चौकटी कंस दाबायचा.

मी केलेली जुळवणी अशी: आकड्यांच्या पॅडवरच्या पीएफ१ ते पीएफ४ जशाच्या तशा. नावं तीच असल्याने डोळे लगेच राजी होतात, बोटांना वेळ लागतो. सहापासून पुढच्या वरच्या ओळीतल्या. पीएफ५ ला घर नव्हतं, तिला सिलेक्ट कळीवर बसवलं. पुढे-मागे सरकण्याच्या पीएफ८ आणि पीएफ७ जागेवर आहेतच, पण डेकच्या नेक्स्ट स्क्रीन आणि प्रीव्ह स्क्रीन या कळांनाही तेच काम दिलं, कारण त्यांच्यावर छापलेलं आणि मेनफ्रेमने करायचं हे इथे खरोखर एकच आहे. कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू यांना हात लावायचा नाही. टर्मिनलची स्वतःची गती आवरण्यासाठी ते राखून ठेवलेले असतात.

एंटरचा प्रश्न नाजूक आहे. ३२७८ वर जिथे आपण रिटर्नची कळ अपेक्षित धरतो, तिथे नवी ओळ नावाची कळ होती. ती कर्सरला पुढच्या ओळीतल्या लिहिण्याजोग्या फील्डवर नेते, मेनफ्रेमला काही पाठवत नाही. एंटर खाली, स्पेसबारच्या उजवीकडे, वेगळी. ही जागा मुद्दाम निवडल्यासारखी वाटते, मजकूर पाठवणं ही बोटाच्या ओघात होऊन जाणारी गोष्ट नसावी. नंतरच्या काळातले बरेच इम्युलेटर उजव्या कंट्रोलला एंटर करतात ते याच आठवणीने. बहुतेक टर्मिनल मध्यस्थांनी मात्र रिटर्नलाच एंटर केलं, नव्या माणसाला ते सोपं. मी पॅडवरच्या एंटरला एंटर ठेवलं आहे आणि रिटर्नला नवी ओळ. सवय मोडताना त्रास झाला, पण आता लिहून झाल्यावर हात उचलून पॅडपर्यंत न्यावा लागतो. तेवढ्यात लिहिलेलं एकदा वाचून होतं.

एंटर दाबल्यानंतर काय होतं, यात दोन यंत्रांमधलं अंतर सर्वांत जास्त आहे. ३२७८ चा कीबोर्ड त्याच क्षणी बंद होतो. पडद्याच्या तळाशी, चोवीस ओळींच्या खाली, पंचविसावी ओळ असते माहितीची. तिथे एक फुली आणि घड्याळाचं चित्र येतं. चुकीच्या जागी लिहायला गेलात, तर फुलीशेजारी एक इवलासा माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बाण, म्हणजे दुसरीकडे जा. फील्डमध्ये मावणार नाही एवढं लिहिलंत, तर त्याच माणसाला एकच बाण. शब्दांशिवाय सांगण्याची ही पद्धत मला आजही फार नेटकी वाटते. व्हीटी-१०० आणि व्हीटी-२२० ला पंचविसावी ओळच नाही. स्थितीची ओळ मिळाली ती पुढे व्हीटी-३२० मध्ये. म्हणजे इम्युलेटरकडे सांगायला सगळं असतं आणि सांगायला जागा नसते. घंटी वाजवायची, किंवा मेनफ्रेमच्या पडद्यावरची एक ओळ झाकायची.

आणि कीबोर्ड बंद करणं? माणूस कळा दाबतच राहतो, त्या तारेवरून येतच राहतात. त्या फेकून द्यायच्या की जपून ठेवायच्या आणि पडदा उघडला की ओतायच्या? जपून ठेवणं हे अनेकांना वरदान वाटलं. खऱ्या ३२७० वर जी वाट पाहावी लागे, ती इथे टळली. सराईत माणसासाठी हे खरंच सोयीचं आहे, पुढचे दोन-तीन पडदे त्याला तोंडपाठ असतात. मला तरीही यात धोका दिसतो. एका पडद्याला उद्देशून दाबलेल्या कळा दुसऱ्याच पडद्यावर जाऊन पडू शकतात. मेनफ्रेमने ऐनवेळी वेगळाच प्रश्न विचारला, पुसून टाकू का, तर आधीच दाबून ठेवलेलं एंटर त्याचं उत्तर देऊन मोकळं होतं. आयबीएमचं कुलूप हे संथपणाचं लक्षण म्हणून हिणवलं गेलं. त्याचा हेतू मात्र साधा होता: जे पाहिलं नाही, त्याला उत्तर देऊ नका.

अक्षरसंचाचं फार सांगत नाही. आयबीएमच्या एब्सिडिक या अक्षरसंचात ए चा संकेत सी१, आस्कीत ४१ (सोळाच्या पायावरचे आकडे). ‘आय’ आणि ‘आर’ या अक्षरांच्या पुढे एब्सिडिकची अक्षरमाला खंड घेते. हे सगळं एका तक्त्याने सुटतं. तक्ता हात टेकतो तो ¬ आणि ¢ या खुणांपाशी. त्या आस्कीत नाहीतच. पीएल/१ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ¬ म्हणजे नकार, त्याच्यावाचून प्रोग्रॅम लिहिणं अवघड, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी ^ चालवून घेतलं गेलं.

आज यातलं लोखंड बहुतेक गेलं. सी३२७० चालवणारे लोक काचेच्या व्हीटीवर बसत नाहीत. ते पडद्यावरच्या एका खिडकीत बसतात, जी स्वतः व्हीटी-१०० च्या वंशाचं सोंग आहे. त्या खिडकीतला प्रोग्रॅम टेलनेटवर आपली ओळख आयबीएम-३२७८-२ अशी सांगतो. टर्मिनलचा प्रकार, बायनरी, नोंदीचा शेवट अशा तीन-चार गोष्टी ठरल्या की मेनफ्रेम ३२७० चा तोच डेटा स्ट्रीम पाठवू लागतं. १९८८ साली आरएफसी (इंटरनेटचे नियम मांडणारी टिपणं) १०४१, १९९४ साली आरएफसी १५७६ आणि १९९८ साली आरएफसी २३५५ यांनी या बोलण्याचे नियम कागदावर आणले. पलीकडे आता खरं मेनफ्रेम असो की हर्क्युलिस, बाइट तेच. फील्डची सुरुवात सांगणारा संकेत तोच १डी, कर्सरचा १३. काच गेली, कोअ‍ॅक्स गेली, ते लोखंडी कीबोर्ड संग्राहकांकडे गेले. कधी बोलायचं आणि काय गाळायचं याचा करार तेवढा राहिला. तो राहिला कारण परक्या टर्मिनलांसाठी मध्यस्थ लिहिणाऱ्यांना तो शेवटच्या बिटापर्यंत समजून घ्यावा लागला. आयबीएमचंच टर्मिनल वापरणाऱ्याला नल आणि स्पेस यांतला फरक न कळताही आयुष्य काढता येत होतं. सोंग करणाऱ्याला ती मुभा नव्हती.

सी३२७० च्या घराण्यात ब्लँक फिल नावाची एक सोय आहे. ती चालू केली, की टाइप केलेल्या अक्षराच्या डावीकडे त्या फील्डमध्ये असलेले नल स्पेस होतात, म्हणजे शब्द चिकटत नाहीत. इन्सर्ट करताना शेवटचे स्पेस नलसारखे वागतात, म्हणजे कीबोर्ड अडत नाही. ज्याला फक्त काम उरकायचं आहे, त्याने ती जरूर चालू करावी, सोय प्रामाणिक आहे आणि हे वागणं मूळ ३२७० चं नव्हे हे तिच्या माहितीत उघड लिहिलेलं आहे. मी ती बंद ठेवतो. व्हीटी-२२० च्या काचेवर दोन्ही रिकाम्या जागा सारख्याच दिसतात, पण कुठे स्पेस दाबला होता आणि कुठे नुसताच बाणाने पुढे गेलो होतो, हे आता बोटांना आठवतं.